वाळवंटातल्या नॅशनल पार्कांची मार्चमधली सहल: आधी उंची बघा, नावं नंतर

स्प्रिंग ब्रेक लागला की अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं युटा, ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाकडे निघतात. ऋतू अगदी बरोबर निवडलेला असतो, आखणीचा क्रम मात्र उलटा असतो. आधी फोटो बघून पाच पार्कांची यादी होते, मग विमानाची तिकिटं, मग मिळतील ती हॉटेलं, आणि हवामान बघितलं जातं ते निघायच्या आदल्या रात्री. मग ब्राइस कॅन्यनच्या कड्यावर पातळ स्वेटशर्टात कुडकुडणारी मुलं दिसतात, झायनच्या भरलेल्या पार्किंगभोवती घिरट्या घालणाऱ्या गाड्या दिसतात, आणि निम्मी सुट्टी मागच्या सीटवर जाते.

हा लेख साध्या गाडीने सात-आठ दिवसांसाठी निघणाऱ्या, मुलं आणि जमल्यास आजी-आजोबांना बरोबर नेणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने पार पाडा. पहिले तीन टप्पे होईपर्यंत एकही बुकिंग करू नका.

## १. आठवडा पक्का करा

फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा मध्य हा सगळा काळ ‘वसंताची सुरुवात’ म्हणून एकाच मापाने मोजला जातो, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. १ मार्च आणि १० एप्रिल यांत वाळवंटात कमालीचा फरक असतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सखल भागातली पार्कं सुखद असतात, पण उंचावर अजून हिवाळा असतो. एप्रिल उजाडला की मधल्या उंचीवरची पार्कं रंगात येतात आणि सखल भागातली दुपार तापायला लागते.

शाळांच्या सुट्ट्या साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत वेगवेगळ्या आठवड्यांत पसरलेल्या असतात. तुमची तारीख शाळेनेच ठरवली असेल तर निदान वार तरी हातात ठेवा. सगळ्यात गर्दीचं पार्क मंगळवार ते गुरुवार या दिवसांत, आणि शनिवार-रविवारी प्रवास किंवा एखादं कमी गाजलेलं ठिकाण.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आर्चेस पार्काजवळच्या मोआब गावी जाणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा तिथे ईस्टर जीप सफारी हा जीपवाल्यांचा मेळावा असतो आणि गावातली हॉटेलं फार आधीपासून भरलेली असतात. तो आठवडा टाळता आला तर टाळाच.

फुलांच्या भरवशावर तारीख ठरवू नका. डेथ व्हॅलीत २००५ आणि २०१६ साली फुलांचे गालिचे पसरले होते, ते हिवाळ्यातला पाऊस योग्य वेळी आणि पुरेसा पडल्यामुळे. असं वर्ष क्वचितच येतं. फुलं दिसली तर आनंदच आहे, पण आखणी त्यांच्याशिवाय पूर्ण वाटली पाहिजे.

सावधान, घड्याळ: मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, पण ॲरिझोनात ते हलत नाही. त्याच ॲरिझोनातल्या नावाहो नेशनच्या (नावाहो या मूळनिवासी जमातीच्या) भूमीवर मात्र हलतं. नेवाडा पॅसिफिक वेळेवर चालतो आणि युटा माउंटन वेळेवर. त्यामुळे लास वेगासहून झायनला जाताना एक तास कमी होतो. घड्याळ बदलल्यानंतर पेज या ॲरिझोनातल्या गावी पोचलात तर युटापेक्षा एक तास मागे असता. फोन सीमेलगत कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या. गाइडेड टूर चुकते ती इथेच. प्रत्येक बुकिंगपुढे ‘कुठल्या राज्याची वेळ’ हे लिहून ठेवा.

## २. प्रत्येक ठिकाणापुढे उंची लिहा

माझ्या मते अख्ख्या आखणीतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि नेमका हाच गाळला जातो. वाळवंट म्हणजे ऊन, असं डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात हजार फूट चढलं की तापमान साधारण ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं. नकाशावर शेजारी दिसणारी दोन पार्कं एकाच दिवशी दोन ऋतूंत असू शकतात.

सखल: डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे. मार्चमध्ये तिथे दिवसा सरासरी ८२ अंश फॅरनहाइट (२८ सेल्सियस) आणि रात्री ५५ च्या आसपास. टूसॉनचं सॉगुआरो पार्कही याच गटात धरा. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यासाठी, आणि लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर, पहिली पसंती हीच.

मधली: झायनचं खोरं, आर्चेस, जोशुआ ट्रीचा गाजलेला वरचा भाग, न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स. हे सगळे ४,००० फुटांच्या आसपास किंवा थोडे वर आहेत. झायन-आर्चेसला मार्चमध्ये दिवसा साधारण ६३-६४ अंश आणि रात्री ३५-३७, म्हणजे पहाटे जवळपास गोठणबिंदू. दुपारी टी-शर्ट, संध्याकाळी जाड जाकीट. कॅन्यनलँड्सचा आयलंड इन द स्काय हा भाग आर्चेसच्या जवळ असला तरी सुमारे ६,००० फुटांवर आहे. वारा तिथे बोचरा असतो.

उंच: ब्राइस कॅन्यनचा कडा ८,००० ते ९,००० फूट, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम सुमारे ७,००० फूट. मार्चमध्ये इथे बर्फ असणार असंच धरून चाला. ब्राइसला दिवसा चाळिशीतलं (अर्थात फॅरनहाइट) तापमान आणि रात्री गोठणबिंदूच्या बरंच खाली. ग्रँड कॅन्यनचा नॉर्थ रिम तर या काळात बंदच असतो.

एकाच पार्कातही हा फरक असतो. डेथ व्हॅलीतला दांतेज व्ह्यू ५,४७५ फुटांवर आहे. बॅडवॉटरला बाही दुमडून फिरलेलं कुटुंब सूर्यास्ताला तिथे पोचतं आणि पाच मिनिटांत गाडीत परत येऊन बसतं.

मग निवड कशी करायची? एका सहलीत दोन गट पुरे. सखल आणि मधला, किंवा मधला आणि उंचावरचं एखादंच पार्क, तेही दिवसभरासाठी. तिन्ही गट घेतले की सामान दुप्पट होतं आणि कुणीतरी आजारी पडतं.

तपासा: यादीतल्या प्रत्येक मुक्कामापुढे तीन आकडे हवेत: उंची, त्या महिन्याचं दिवसाचं सरासरी तापमान, रात्रीचं सरासरी तापमान. आकडे सापडत नसतील तर ते ठिकाण सध्या यादीबाहेर.

## ३. आठवड्याला दोनच मुक्काम

युटातली पाचही नॅशनल पार्कं पाच दिवसांत करण्याचा बेत कागदावर छान दिसतो. मुलांसाठी ती शिक्षा असते. रोज सामान बांधणं, रोज नवी खोली, रोज तीन-चार तास गाडी. आठवडाभरात दोन ठिकाणी तळ ठोका आणि तिथून रोज फिरून परत या.

चालतील असे काही आराखडे:

*लास वेगासहून:* डेथ व्हॅलीत दोन रात्री, मग झायनजवळ तीन-चार रात्री. वेगास ते फर्नेस क्रीक सुमारे १२० मैल, वेगास ते झायन सुमारे १६०. दोन गटांच्या नियमाला अपवाद एवढाच: हवा चांगली असेल तर झायनहून ब्राइस एका दिवसात होतं, जायला साधारण दोन तास. हवा बिघडली तर ब्राइस सोडून द्यायचं. मार्चसाठी मला हा आराखडा सगळ्यात पसंत आहे, कारण त्यात अनिश्चित भाग एकच दिवसाचा आहे.

*मोआब एके मोआब:* सॉल्ट लेक सिटीहून गाडीने साधारण चार तास, कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनहून त्याच्या निम्मे. आर्चेस गावापासून पाच मैलांवर, शिवाय आयलंड इन द स्काय आणि डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्क. पाच रात्री एकाच खोलीत राहता येतं. एप्रिलच्या सुरुवातीला उत्तम.

*दक्षिणेकडे:* जोशुआ ट्री एकटं, किंवा फिनिक्सहून दोन तासांवर टूसॉनचं सॉगुआरो. अगदी लहान मुलं असतील तर याहून सोपं काही नाही.

मुक्काम पार्काच्या दाराशी घ्यावा की तासभर लांब स्वस्तात? झायनच्या बाबतीत मी स्प्रिंगडेललाच राहा म्हणेन. शटलच्या हंगामात गावातूनही मोफत शटल पार्काच्या दारापर्यंत जाते, त्यामुळे पार्किंगचा प्रश्नच मिटतो. दुपारी दमलेल्या मुलाला खोलीवर आणून संध्याकाळी परत जाता येतं. डेथ व्हॅलीत शक्यतो पार्काच्या आत, फर्नेस क्रीक किंवा स्टोव्हपाइप वेल्सला. तिथे जागा नसेल तर नेवाडातलं बीटी गाव सुमारे ४० मैलांवर आहे.

नेहमीची चूक: नकाशा सांगतो तो वेळ जशाचा तसा धरणं. मुलं बरोबर असतील तर त्यात एक-तृतीयांश मिळवा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, कारण रात्री या रस्त्यांवर हरणं आणि मोकळी सुटलेली गुरं येतात. ब्राइसहून हायवे १२ ने पूर्वेला निघालात तर बोल्डर माउंटनवर रस्ता सुमारे ९,६०० फुटांपर्यंत चढतो. वर मार्चमध्ये ताजा बर्फ असू शकतो.

## ४. पास, परवाने, बुकिंग

आता बुकिंग सुरू करा. क्रम असा: राहण्याची जागा, परवाने, विमान, गाडी. विमान आधी काढलं तर बाकी सगळं त्याच्या मागे फरपटत जातं.

तंबूत राहणार असाल तर झायनच्या वॉचमन आणि आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडचं आरक्षण सहा महिने आधी रिक्रिएशन डॉट गव्हवर उघडतं आणि चांगल्या तारखा झटपट जातात. म्हणजे मार्चसाठी सप्टेंबरमध्येच बसायचं. उशीर झाला असेल तर रद्द झालेल्या जागा रोज बघत राहा. सहलीच्या आधीच्या दोन आठवड्यांत बऱ्याच सुटतात.

प्रवेशाचं गणित आधी मांडा. यातल्या बहुतेक पार्कांत गाडीमागे सात दिवसांचे २५ ते ३५ डॉलर पडतात. तीन पार्कं होणार असतील तर ८० डॉलरचा वार्षिक पास परवडतो. घरात चौथीतलं मूल असेल तर एव्हरी किड आउटडोअर्स योजनेतून त्याच्या नावाने वर्षभराचा मोफत पास मिळतो आणि त्यावर गाडीतलं अख्खं कुटुंब आत जातं. तो मिळतो योजनेच्या संकेतस्थळावरून. ६२ किंवा त्याहून जास्त वयाचे आजी-आजोबा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असतील तर त्यांना सीनियर पास मिळतो: वर्षाला २० डॉलर किंवा आयुष्यभरासाठी ८०.

भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी नियम बदलले आहेत. १ जानेवारी २०२६ पासून ८० डॉलरचा वार्षिक पास फक्त अमेरिकेच्या रहिवाशांना आहे. बाहेरच्यांसाठी तो २५० डॉलर. पास नसेल तर झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनसह ११ पार्कांत १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक अनिवासी माणसामागे नेहमीच्या शुल्काशिवाय १०० डॉलर. आई-बाबा भारतातून येणार असतील तर त्या पार्काच्या अधिकृत पानावर शुल्काचे नियम वाचूनच खर्च मांडा. ११ च्या यादीत डेथ व्हॅली, जोशुआ ट्री, आर्चेस, सॉगुआरो नाहीत, हेही निवड करताना लक्षात ठेवा. पास दाखवताना फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि डेथ व्हॅलीसारख्या ठिकाणी रोख रक्कम घेत नाहीत.

परवान्यांपैकी कुटुंबांना अडतो तो झायनमधल्या एंजल्स लँडिंग या कड्याच्या ट्रेलचा. २०२२ पासून तो सोडतीनेच मिळतो. मार्च ते मे या काळासाठीची सोडत जानेवारीत, आणि दुसरी रोज आदल्या दिवशी, जी दुपारी तीनला बंद होते. पण शेवटचा टप्पा साखळी धरून अरुंद धारेवरून जायचा आहे. लहान मुलांना तिथे नेऊच नका. त्याच वाटेवर खालच्या स्काउट लुकआउटपर्यंत जायला परवाना लागत नाही, आणि तिथून दिसणारं खोरं पोटभर आहे.

आर्चेसला २०२२ ते २०२५ या वर्षांत गर्दीच्या महिन्यांत वेळ ठरवून आगाऊ तिकीट काढावं लागत होतं. अशा नियमांत दरवर्षी फेरबदल होतात. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका.

तपासा: निघायच्या तीन आठवडे आधी आणि पुन्हा तीन दिवस आधी प्रत्येक पार्काच्या अधिकृत संकेतस्थळावरचं ‘करंट कंडिशन्स’ पान उघडा. बंद रस्ते, बंद ट्रेल, शटलच्या वेळा सगळं तिथे असतं.

## ५. गाडी, पेट्रोल, नकाशा

साधी सेडान पुरते. पण भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यांना बहुतेक वेळा मनाई असते, ते कलम वाचा. डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्याकडे जाणारा २७ मैलांचा रस्ता अणकुचीदार दगडांचा आहे आणि टायर फाडतो. साध्या गाडीने त्या वाटेला जायचंच नाही.

गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून स्टेपनी खरोखर आहे का बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांत फक्त हवा भरायचा पंप आणि डिंकाची बाटली असते. मुलांची कार सीट घरून न्या. युटा आणि कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलांना ती कायद्याने लागते, उंचीनुसार सूट वेगळी.

टाकी अर्ध्यावर आली की भरा. जोशुआ ट्री आणि आर्चेसच्या आत पंप नाही. डेथ व्हॅलीत आहेत, पण महाग. ब्राइसहून आय-७० मार्गे मोआबला जाताना सलाइना ते ग्रीन रिव्हर हा सुमारे ११० मैलांचा पट्टा आहे. त्यात ना पंप, ना हॉटेल, ना दुकान. मुलांना सलाइनालाच उतरवून बाथरूमला नेऊन आणा.

फोनवरच्या नकाशाने दाखवलेला ‘जवळचा रस्ता’ डेथ व्हॅलीत जिवावर बेतू शकतो. तो जुन्या खाणींच्या कच्च्या वाटांवर नेऊन सोडतो, आणि तिथे फोनला रेंज नसते. रेंजर स्वतः हा इशारा देतात. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ॲपमध्ये प्रत्येक पार्क ऑफलाइन साठवता येतं, ते घरच्या वायफायवरच करा. गुगल मॅप्सचा त्या भागाचा नकाशाही उतरवून ठेवा. दारावर मिळणारा कागदी नकाशा डॅशबोर्डवर राहू द्या.

## ६. सामान: थर, पाणी, कंगवा

एक जाड कोट आणि बाकी टी-शर्ट, असं भरू नका. थर हवेत. अंगाला लागून घाम शोषणारा पातळ सदरा, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. सकाळी तिन्ही, दहाला दोन, दुपारी एक, सूर्य कलला की पुन्हा तिन्ही. मुलांना सुती कपड्यांत पाण्याशी किंवा बर्फाशी खेळू दिलंत तर ते भिजतात, वाळत नाहीत, आणि वारा सुटला की मूल गारठतं. जीन्सचंही तेच. कानटोपी आणि हातमोजे ‘वाळवंटात कशाला’ म्हणून बाहेर काढले जातात. ते परत आत ठेवा.

उन्हाची टोपी हनुवटीखाली बांधता येणारी घ्या. वसंतात इथला वारा टोपी कड्यावरून उडवतो आणि मूल तिच्यामागे धावतं.

ब्राइस किंवा ग्रँड कॅन्यन असेल तर बुटांवर चढवायचे बर्फाचे काटे प्रत्येकासाठी. दिवसा वितळलेलं पाणी रात्री ट्रेलच्या सावलीतल्या वळणांवर काचेसारखं गोठतं. वर कोरडी दिसणारी वाट दोन वळणं खाली गेल्यावर घसरडी होते. ब्राइसच्या नावाहो लूपचा वॉल स्ट्रीट हा भाग याच कारणाने हिवाळ्यात बंद ठेवतात.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर. थंडी आहे म्हणून यात काटछाट नको. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही. जोशुआ ट्रीच्या आतल्या भागात कुठेही पाणी मिळत नाही, ते फक्त कडेच्या काही ठिकाणी आहे. पहिल्याच गावात गॅलनचे कॅन घेऊन डिकीत टाका आणि रोज सकाळी बाटल्या भरा. पाण्यासोबत खारट काहीतरी खाल्लं पाहिजे: खारे दाणे, चिप्स, बिस्किटं. नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं मीठ कमी होऊन मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते, आणि तेव्हा लोक आणखी पाणी पाजतात.

कोरड्या हवेने मुलांचा घोळणा फुटतो. नाकात घालायचे सलाइनचे थेंब, ओठांचं मलम, जाड मॉइश्चरायझर जवळ ठेवा आणि रात्री झोपताना न चुकता लावा.

आता कंगवा. जोशुआ ट्री, सॉगुआरो इथे चोया नावाचं निवडुंग असतं. मऊ लोकरीसारखं दिसतं म्हणून मुलं हात लावतात. त्याचा कांड्याएवढा तुकडा झाडापासून सुटून कातडीला चिकटतो, आणि तो हाताने काढायला गेलात तर दुसऱ्या हाताला चिकटतो. मोठ्या दातांचा कंगवा कातडी आणि तुकड्याच्या मधे सरकवा आणि झटक्यात दूर उडवा. आजूबाजूला कुणी उभं नाही ना, ते आधी बघा. राहिलेले काटे चिमट्याने एकेक करून काढा. कंगवा आणि चिमटा दोन्ही पाठीवरच्या पिशवीत हवेत, डिकीत नव्हे.

तपासा: निघायच्या आदल्या रात्री एक पिशवी वेगळी करा, जी ट्रेलवर नेहमी बरोबर राहील: पाणी, खाणं, जादा थर, हेडलॅम्प, प्रथमोपचार, शिट्टी, रोजची औषधं. मुलाला दम्याचा पंप लागत असेल तर तो यातच.

## ७. दिवसाचा साचा

सकाळी लवकर मोठा ट्रेल, दुपारी विसावा, संध्याकाळी गाडीतून व्ह्यूपॉइंट. घरात सगळ्यांना हाच साचा समजावून सांगा. झायनच्या व्हिजिटर सेंटरचं पार्किंग स्प्रिंग ब्रेकमध्ये सकाळीच भरतं. साधारण मार्चच्या सुरुवातीला मोफत शटल सुरू झाली की आतल्या सीनिक ड्राइव्हवर खासगी गाड्या बंद होतात. साडेसात-आठला शटलच्या रांगेत असाल तर अर्धा दिवस तुमचा.

पहिल्या दिवशी आधी व्हिजिटर सेंटर. तिथे दोन कामं. मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका घ्यायची. ती पूर्ण केली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात, आणि सहा-सात वर्षांची मुलं त्यासाठी हट्टाने चालतात. आणि रेंजरला विचारायचं. ‘काय बघू?’ एवढंच विचारलंत तर यादी मिळेल. ‘आज पाच वर्षांचं मूल आणि गुडघे दुखणारी आजी घेऊन दोन तासांत कुठला ट्रेल? वाट कोरडी आहे का?’ असं विचारा, म्हणजे उत्तर नेमकं मिळतं.

आजी-आजोबांना गाडीत बसवून ठेवायची गरज नाही. झायनचा पारूस ट्रेल पक्का आणि सपाट आहे. रिव्हरसाइड वॉक जाऊन-येऊन सुमारे २.२ मैल, नदीच्या कडेने. ब्राइसला सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट हा कड्यावरचा अर्ध्या मैलाचा पक्का तुकडा, अर्थात बर्फ काढलेला असेल तर. आर्चेसचं डेलिकेट आर्च ही खडकाची कमान खालच्या व्ह्यूपॉइंटवरून लांबून दिसते. पार्किंगपासून तो शंभर यार्डांवर आहे, तिथवर व्हीलचेअरही जाते.

वरच्या डेलिकेट आर्चपर्यंत चढून जायचं असेल तर जाऊन-येऊन तीन मैल, उघड्या खडकावरून, सावली नाही. शेवटी एका बाजूला दरी असलेली खडकातली कोरीव वाट आहे. मार्चच्या सकाळी तिथे बर्फ असू शकतो, मुलाचा हात धरूनच चाला. सूर्यास्ताला जायचं तर परतताना अंधार होणार, हेडलॅम्प प्रत्येकाच्या डोक्याला.

जेवण बरोबर ठेवा. आर्चेस आणि जोशुआ ट्रीच्या आत खायला काही मिळत नाही, आणि आजूबाजूच्या छोट्या गावांतली स्वयंपाकघरं लवकर बंद होतात.

परतीचा नियम: दरीत उतरणाऱ्या ट्रेलवर आधी उतार असतो, चढ नंतर. वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. अर्धं पाणी संपलं किंवा ठरलेल्या वेळेचा एक-तृतीयांश गेला, यातलं जे आधी होईल तिथून मागे फिरा.

## ८. ट्रेलवर मुलांना हे आधीच सांगा

युटात वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, फुगीर माती दिसते. ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी वाळू धरून ठेवलेली असते. एक पाऊल पडलं की तो थर मोडतो, आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. दगडावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत पाय ठेवायचा, मधल्या मातीवर नाही. मुलांना खाली वाकून हा थर जवळून दाखवा. एकदा बघितला की ती मोठ्यांना बजावतात.

बीळ, कपारी, दगडाखाली हात घालायचा नाही. ऊब वाढली की साप बाहेर पडू लागतात. जुन्या खाणींच्या बोगद्यांत शिरायचं नाही.

झायनच्या व्हर्जिन नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया असू शकतात. पाण्यात पाय बुडवण्याआधी त्या दिवसाचा इशारा वाचा. तोंडात पाणी घ्यायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. नॅरोज हा नदीतून चालायचा ट्रेल प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला की बंद होतो, आणि वसंतात बर्फ वितळून तो बरेचदा जातो. उघडा असला तरी पाणी बर्फाळ असतं. लहान मुलांसह मार्चमध्ये नॅरोज नको.

सावधान, अचानक पूर: अरुंद घळीत शिरण्याआधी वरच्या बाजूचा हवामान अंदाज बघा. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना मैलोगणती दूर पडलेला पाऊस घळीत येऊ शकतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, लांबून घरघर ऐकू आली, तर सामान सोडा आणि उंच जागी चढा.

## ९. हवा बिघडली तर

प्रत्येक तळासाठी एक पर्यायी दिवस आधीच लिहून ठेवा. तिथे पोचल्यावर चौघांनी चार फोनवर शोधत बसण्यात सकाळ जाते.

झायनजवळ असताना ब्राइसला बर्फाचं वादळ सांगितलं असेल तर खालचे ट्रेल. पाऊस असेल तर घळी सोडून पक्क्या वाटा, आणि कड्यांवरून कोसळणारे तात्पुरते धबधबे. डेथ व्हॅलीत जोराचा वारा असेल तर वाळूच्या टेकड्या टाळा, डोळ्यांत वाळू जाते. पाऊस होऊन गेला असेल तर बॅडवॉटरचा रस्ता खुला आहे का ते फर्नेस क्रीकला विचारूनच निघा. व्हाइट सँड्सला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: शेजारच्या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रामुळे पार्क किंवा तिकडे जाणारा हायवे ७० काही तास बंद ठेवतात. आदल्या दिवशी वेळापत्रक बघा.

वाळूचं वादळ गाडीवर आलं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्या, दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरून पाय काढा. मागून येणारा ड्रायव्हर तुमच्या लाल दिव्यांना रस्ता समजून त्यांच्या मागे येतो.

तळ सोडायच्या आदल्या संध्याकाळी पुढच्या रस्त्याची स्थिती बघा, टाकी भरा, पाण्याचे कॅन भरा आणि पुढच्या मुक्कामाच्या उंचीप्रमाणे उद्याचे थर पिशवीत सगळ्यात वर ठेवा.